स्टेपनीही आऊट निघाली

आमची जुनी गाडी आता वर्षातून दोनदाच शेडबाहेर निघते, आणि दोन्ही वेळी तिची पाचही चाकं मी स्वतः तपासते. वय सहासष्ट, गुडघे बोलतात, तरी अंगणात पोतं टाकून बसते. समोरचा शेजारी दर वेळी फाटकाशी येऊन सांगतो की बाई, हे काम यवतमाळात मशीनवर दहा मिनिटांत होते. होते, मला माहीत आहे. माझ्या भाच्यानं पुण्याहून घड्याळासारखं एक यंत्रही पाठवलं आहे, चाकाच्या कडेला टेकवलं की केसाएवढा फरक काटा हलवून दाखवतं. चांगलं आहे. पण मी आधी विटेवर ओल्या मातीचा गोळा ठेवते, त्यात सायकलचा स्पोक खोचते, त्याचं टोक रिंगच्या कडेजवळ आणते आणि चाक हातानं सावकाश फिरवते. कड टोकापासून दूर गेली, जवळ आली, तर चाक आऊट. भाच्याच्या घड्याळाकडे मी त्यानंतर बघते. शेजाऱ्याला वाटतं म्हातारीच्या डोक्यात काही तरी भरलंय. भरलंय खरंच. चाळीस वर्षं शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं, त्यांना खरं बोला म्हणून छड्याही मारल्या, आणि हे एवढं प्रकरण लिहायचं मात्र तीनदा टाळलं. आता लिहून टाकते.

आमचं घर दिग्रसला जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनांची घरघर दिवसभर चाले, आणि ती मध्येच थांबली की आपण सगळे ओरडून बोलतोय हे लक्षात येई. रुईचे तंतू सगळीकडे: भांड्यांवर, दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यांवर, वरणात. माय, म्हणजे आमची आई, वाढताना बोटानं तंतू बाजूला करी आणि म्हणे, खा मुकाट्यानं, कापूसच हाये, गोटे नाही. बाबा त्या जिनिंगमध्ये फिटर होते. जेवताना भाकरीचा घास हातात धरून ते थांबत, कान देत आणि सांगत की कोपऱ्यातला जिन आज बसते, म्हणजे बंद पडते. मायचं ताट वाढून होईस्तोवर बोलावणं यायचंच. त्यांना आपल्या कानाचा आणि हाताचा भारी भरवसा. मापं घ्यायची हत्यारं पेटीत तेल लावून ठेवलेली असत, पण बाहेर क्वचितच निघत. हात लावला का समजते, म्हणत. बहुतेक वेळा समजतही असे, म्हणून त्यांना कोणी उलटून विचारत नसे.

गाडी मूळची एका कापसाच्या व्यापाऱ्याची. काळी, विलायती, मायबाबांच्या लग्नाच्याही आधीची. व्यापाऱ्यानं नवी घेतल्यावर ही त्याच्या गोदामात सरकीच्या पोत्यांआड पडून राहिली, गाद्या उंदरांनी खाल्ल्या. बाबांनी ती भंगार म्हणून उचलली आणि बैलगाडीच्या मागं बांधून घरी आणली. माय दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं की ह्या जनावराले चारा कोण टाकणार हाये. दोन वर्षं बाबा जिनिंग सुटलं की गाडीखाली शिरत. शेवटी एका दुपारी ती धडधडत सुरू झाली आणि गल्लीतल्या कोंबड्या घरात पळाल्या. मायही हसली, पण गाडीत बसायला तिला पुढं आणखी एक वर्ष लागलं.

बाबा शेतकऱ्याच्या घरचे. शेत आणि बैल गावी मोठ्या काकांकडे राहिले आणि बाबा जिनिंगला लागले. बाकी कशाचं त्यांना वाईट वाटत नसे, पण पोळा आला की ते घरात येरझाऱ्या घालत. ज्याच्याकडे बैल नाही त्यानं त्या दिवशी करायचं काय? गाडी आली आणि त्यांना उत्तर सापडलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, बाबा चाकं उतरवून हबात ग्रीस भरत. बैलाला देतात तसं गाडीलाही आमंत्रण देत, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, आणि हे ते अजिबात न हसता म्हणत. दुसऱ्या दिवशी गाडीच्या बोनेटला झूल, आरशांना गोंडे, आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी आमची गाडी. पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले. तिसऱ्या वर्षी गाडीला यायला उशीर झाला तर लोकच विचारू लागले, फिटरचा बैल कोठी हाये. घरी आल्यावर माय गाडीला ओवाळी, बोनेटवर पुरणपोळीचा तुकडा ठेवी आणि मग आम्हाला कढी, भजी, पुरणपोळी, वर तुपाची धार.

बैलांची शिंगं रंगवतात, तशी आमच्याकडे चाकं रंगवली जात. ते काम माझं. अकराव्या वर्षापासून मी ते करत होते आणि कोणाला हात लावू देत नव्हते. उतरवलेली चार चाकं आणि पाचवी स्टेपनी भिंतीला टेकवून ठेवलेली असत. एका वर्षी लाल, एका वर्षी पिवळा, एका वर्षी आभाळी, जो रंग मिळेल तो. बाबांनी सांगितलं होतं, समोरून रंगव. पण अर्धवट काम मला तेव्हाही खपत नसे. मी चाक उलटं करून मागची बाजूही रंगवायची, मधली चकती, नटांच्या भोकांच्या आजूबाजूला, सगळं. रंगवून झालं की चाक परत भिंतीला उभं. चाकं चढवून नट आवळायचं काम माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या गजूदादाचं. तो मला चिडवायचा, मागून कोण पाह्यते व, शाले? मी म्हणायची, बैलाचं शिंग काय एकाच बाजूनं रंगवतेत?  बाबांपर्यंत हे कधी गेलंच नाही, कारण चाकं चढेपर्यंत ते झूल आणि गोंड्यांच्या मागं लागलेले असत.

दादा गाडी फार छान चालवायचा. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, मायला त्याच्या गाडीत झोप लागायची हा पुरावा आहे. बाबांच्या गाडीत ती पूर्ण वेळ दाराची मूठ धरून बसे. दादाला एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचं होतं. दुसरं काही नाही. दिग्रसच्या स्टँडवर पुसदची गाडी वळून फलाटाला लागताना तो रस्त्यात उभा राहून बघत असे, सायकल तशीच धरून. लायसन काढलं होतं, अर्ज भरला होता. बाबा बोलून दाखवत नसत, पण अर्जाचा दिवस होता तेव्हा त्यांनी जिनिंगमधून अर्धी सुट्टी घेतली होती.

मी बारावीत होते त्या वर्षी जिनिंगच्या दारांना रंग लावला गेला आणि उरलेला अर्धा डबा हिरवा ऑइलपेंट बाबांनी घरी आणला. दाट, चिकट. हवा दमट होती, मी मागूनपुढून दोन दोन हात दिले आणि चाकं भिंतीला टेकवून ठेवली. पोळ्यात गाडी जवळच्या जवळ, तोरणापर्यंत गेली आणि परत आली. त्यानंतर ती लांब निघाली ती एकदम दसऱ्याला. दादा मायला घेऊन मामाच्या गावी गेला. परत येताना एका छोट्या पुलावर समोरून बैलगाडी आली, दादानं गाडी कडेला घेतली आणि पुढचं डावं चाक पुलाच्या दगडाला घासून वर चढलं. कोणाला खरचटलंही नाही. चाकावरची टोपी चेपली, एवढंच. पण घरी येईपर्यंत गाडी थरथरत होती, स्टेअरिंग हातात ठरत नव्हतं.

दादा उतरल्या उतरल्या म्हणाला की बाबा, जातानीच स्टेअरिंग हालून राह्यलं होतं. बाबांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, मले नाही माहीत बाप्पा, मी झोपलीवती. बाबांनी डावं चाक जॅकवर उचललं, एकदा फिरवलं. चाक लपलप करत होतं, ते माझ्याही डोळ्यांना दिसलं. त्यांनी चाक ज्यावर बसतं त्या ड्रमवर तळहात ठेवला आणि निकाल दिला, अॅक्सल वाकला. बाकीच्या चाकांना हातही लावला नाही. मग दादाकडे वळून म्हणाले, "दगडाले गाडी घासली ते घासली, वरतून खोटं बोलतं. तुह्या हाताले चाकाची समजच नाही." आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दादा दिवाळीपर्यंत घरात होता, पण बाबा ज्या खोलीत असतील त्या खोलीत तो नसे. दिवाळी झाली आणि तो उमरखेडला मावसाच्या ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, दुकानात कामाला गेला. जाताना लायसन मायच्या डब्यात ठेवून गेला.

दादा पुढं ड्रायव्हर झाला नाही, हे इथंच सांगून टाकते. वाचणाऱ्याला उगाच आशेवर ठेवणं मला बरं वाटत नाही.

गाडी ताडपत्रीखाली गेली. मी बारावी झाले, मार्क चांगले पडले. मला यवतमाळला बी.एस्सी.ला जायचं होतं आणि बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. तेवढ्यात वणीकडचं एक स्थळ आलं होतं, त्यांना घाई होती. बाबांनी हे ना ते करत महिना काढला. घरात दादा नव्हता, आणि तो होता तेव्हा अशा वेळी तोच माझ्या बाजूनं बोलायचा. मला त्याला घरी आणायचं होतं. मला वाटलं, अॅक्सल किती वाकलाय ते नीट मोजून दाखवलं, थोडाच निघाला, तर बाबांचा राग थोडा उतरेल. एवढ्या हिशेबानं मी मृगातल्या एका उघाडीच्या सकाळी, बाबा जिनिंगला गेल्यावर, ताडपत्री काढली.

वीट, माती आणि स्पोक ही युक्ती मी सायकलच्या दुकानात पाहिली होती. तिथं रिंगचा आऊट असाच काढतात. डावं चाक उचललं, स्पोक लावला, फिरवलं. फट मोजायला पोस्टकार्डं घेतली. एका जागी स्पोक आणि रिंगच्या मध्ये एक पोस्टकार्ड कसंबसं जाई, अर्ध्या फेऱ्यानं त्याच फटीत आठ मावत. आऊट होताच, यात नवीन काही नव्हतं. मग म्हटलं, तुलनेला उजवं बघावं. उजव्यातही सात पोस्टकार्डं. मला वाटलं वीट हलली. वीट पुन्हा बसवली, पुन्हा सात. मागचं एक चाक उचललं, तेही आऊट. दुसरंही. घामानं हात घसरत होते, माय ओसरीवरून विचारत होती की काय खुडबुड चालवली व, आणि मी वहीत आकडे लिहीत होते. शेवटी स्टेपनी पुढच्या डाव्या चाकाच्या जागी चढवून पाहिली. ती सगळ्यांत जास्त आऊट होती, दहा.

मी तिथंच पोत्यावर बसून राहिले. पुलाच्या दगडाला घासलं ते डावं चाक. बाकीची तीन घासली नव्हती. आणि स्टेपनी तर त्या दिवशी डिकीत होती. डिकीत बसून कोणी दगडाला धडकत नाही. मी स्टेपनी परत उतरवली आणि चाकाशिवाय नुसत्या ड्रमला स्पोक लावून फिरवलं. एका पोस्टकार्डाचाही फरक नव्हता. अॅक्सल सरळ होता, ड्रम सरळ होता. चाक ड्रमला जिथं टेकतं ती त्याच्या मागची सपाट बैठक मी बघितली. हिरवी होती. एका बाजूला रंग जाड, गोठल्यासारखा. नखानं उचलला तर पापुद्रा निघाला, खाली आभाळी, त्याखाली पिवळा, त्याखाली लाल, पुन्हा पिवळा. घडीच्या पोळीचे पदर सुटावे तसे सुटत होते. दरवर्षी मी मागची बाजू रंगवली होती, ओलं चाक भिंतीला उभं केलं होतं आणि रंग ओघळून खालच्या अर्ध्या भागात साचला होता. त्या गाठीवर चाक तिरकं बसत होतं, आणि शेवटच्या वर्षीच्या ऑइलपेंटनं हद्द केली होती. दादा खरं बोलला होता. जातानाच स्टेअरिंग हलत होतं.

मी काय करायला हवं होतं हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट माहीत होतं. बाबा दुपारी जेवायला आले की त्यांना स्पोक दाखवायचा आणि सांगायचं. त्याऐवजी मी मायचं जुनं उलथणं आणि रॉकेल घेतलं आणि चारही चाकांच्या बैठका खरवडून काढल्या. मायला सांगितलं, गंज काढून राह्यली. स्टेपनी करायच्या आत जिनिंगचा भोंगा झाला, म्हणून ती तशीच डिकीत टाकली. रंगाचे पापुद्रे चुलीत टाकले.

दुपारी बाबांना म्हटलं, चाकं खोलून नीट बसवली, एकदा चालवून पाहा. हे खोटं नव्हतं. खोटं न बोलता फसवता येतं हे मला अठराव्या वर्षी कोणी न शिकवता आलं. बाबा गाडी घेऊन दारव्ह्याच्या रस्त्यानं गेले आणि आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालत होती. त्यांनी अॅक्सल वाकलाच नव्हता असा अर्थ काढला नाही. आपल्या हाताचा निकाल ते कसा बदलणार? त्यांनी अर्थ काढला की पोरीनं वाकल्या अॅक्सलवर चाकं सरळ बसवली. जिनिंगमध्ये, गल्लीत, काकांच्या गावी, सगळीकडे तेच सांगितलं. आणि रात्री जेवताना, मायनं अंबाडीची भाजी वाढली असताना, ते म्हणाले, हिले शिकवू. वणीवाल्यांना निरोप गेला. आठ दिवसांत माझी ट्रंक भरली. मी आनंदात होते, हेही लिहिलं पाहिजे. मला लाज वाटत होती आणि मी आनंदात होते, दोन्ही एकदम.

पोळ्याला घरी आले तेव्हा चाकं फक्त समोरून रंगवली. दिवाळीला आले तेव्हा दादा आला नाही, दुकानात सरकीच्या ढेपेचा हंगाम होता. त्याचं पत्र आलं होतं. बाबांचा चष्मा फुटला होता म्हणून ते मीच मोठ्यानं वाचलं. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या चाचणीचा कॉल आला होता. दादानं लिहिलं होतं, बाबा जा म्हणत असतील तरच जातो, माझा मलाच आता हाताचा भरवसा वाटत नाही. मी पत्र खाली ठेवलं. माय बाबांकडे बघत होती. बाबा भिंतीकडे बघून म्हणाले, "ज्याले पुलाचा दगड दिसला नाही, त्याले गाडीतले पन्नास माणसं दिसतीन काय?" मग उठून अंगणात गेले. त्यांनी उत्तर लिहिलं नाही. मी तिथंच बसले होते. हातात पत्र, पोटात शंकरपाळे, आणि बोलायला तोंड होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर माझं यवतमाळ जाईल असं मला वाटलं. आता इतक्या वर्षांनी वाटतं की बाबांनी मला काढलं नसतं, पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं, आणि तपासून बघायची माझी हिंमत झाली नाही.

संक्रांतीला घरी येताना एस.टी.त मला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. ड्रायव्हर नवा होता, दादाच्या वयाचा, मानेवर पावडर, खाकी शर्टाला अजून कांजीची घडी. दारव्ह्यापर्यंत मी त्याचे हात बघत होते. दारव्ह्याला तो चहा प्यायला उतरला आणि मला रडू फुटलं. शेजारची बाई विचारू लागली की माहेरी जाता की सासरी. मी घरी पोचले, पाय धुतले आणि बाबांना सांगितलं. ते अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी उभ्यानंच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. उलथणं, रॉकेल, चूल, सगळं.

 बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. माय चुलीपासून उठून दारात आली. बाबा म्हणाले, "स्टेपनी आण." मी डिकीतून ती लोटत आणली. त्यांनी स्वतः जॅक लावला, स्वतः पुढचं चाक काढून ती चढवली. मला म्हणाले, लाव तुहा स्पोक. त्यांनी चाक फिरवलं. एक फेरा, दोन फेरे, पाच. रिंगची कड स्पोकजवळ येत होती आणि जात होती, आणि ते बघत राहिले. मग त्यांनी स्टेपनी उतरवली, नखानं हिरवा रंग उचलला, त्याखालचा आभाळी बघितला. पेटीतून मापाचं हत्यार काढून त्यांनी ड्रमही मोजला. मी त्यांना घरात ते वापरताना पहिल्यांदा पाहिलं. मला मारतील असं वाटलं होतं, मारावं असंही वाटत होतं. ते म्हणाले, "तू लहान होती. म्या एकच चाक फिरवलं." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दिवस अजून बराच वर होता.

सकाळी आम्ही तिघं उमरखेडला निघालो. मायनं तिळाचे लाडू, भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी बांधली होती. वाटेत ती झोपली नाही. पुसद गेल्यावर सरळ रस्त्यावर बाबांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात क्षणभर उचलले, गाडी सरळ जातेय हे बघितलं आणि परत ठेवले. मी मागं बसून काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते, ती जुळत नव्हती. चाचणीची तारीख मार्गशीर्षात होऊन गेली होती. दादा गेला नव्हता, हे त्यानंतरच्या पत्रात त्यानं एका ओळीत कळवलं होतं.

मावसाचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. दादा काट्यापाशी उभा होता, अंगभर ढेपेचा भुसा, डोक्याला टॉवेल. गाडी बघून तो हात पुसत बाहेर आला. मायच्या पाया पडला. बाबांच्या पाया पडला, तेव्हा बाबांनी त्याच्या खांद्याला धरलं आणि सोडलं नाही. ते मला आधी बोलू देणार होते, तसं रस्त्यात ठरलं होतं, पण त्यांना थांबवेना. "अॅक्सल सरळ हाये, गजू," ते म्हणाले. "पह्यलेपासूनच सरळ होता. चूक माही हाये." दादा त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी सांगितलं. रंग, बैठक, स्टेपनी. भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्यांमध्ये, मी एकही गोष्ट गाळली नाही, यवतमाळही नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं तो चिडेल, आणि तो चिडावा अशी मी वाट बघत होते.

"कधी समजलं तुले?" त्यानं विचारलं.

"मृगात. यवतमाळले जायच्या आधी."

तो मनात महिने मोजत होता, ते मला त्याच्या बोटांवर दिसलं. "म्हणजे दिवाळीत माहीत होतं," तो म्हणाला. "थे पत्र वाचलं तवा."

"मीच वाचलं होतं."

त्यानं हं केलं. त्याच्या मागं एक म्हातारा गिऱ्हाईक केव्हाचा रिकामं पोतं घेऊन उभा होता. दादानं ते पोतं त्याच्या हातातून घेतलं, काट्याशी गेला, खोऱ्यानं ढेप भरली, वजन बघितलं, थोडी काढली, पुन्हा बघितलं. आम्ही तिघं रस्त्यातच उभे होतो. मग तो सुतळी दातात धरून पोत्याचं तोंड आवळू लागला, आणि गाठ मारता मारता माझ्याकडे न बघता म्हणाला, "यवतमाळले जेवाचे हाल तं होत नाही ना व तुहे?"

"नाही," मी म्हटलं.